पेशी थांबल्या

सोमवार, दुपार

गोळी देऊ नका. आधी हे करा, बाकीचं मग वाचा. उठा, आईच्या टेबलावरची ती बाटली उचला आणि स्वतःच्या खिशात ठेवा.

ठेवलीत? आता बसा.

मायना लिहिलेला नाही. तुम्हाला काय म्हणायचं ते माझं कधी ठरलं नाही आणि आज ठरवायला वेळ नाही.

तुमचं पत्र अर्ध्या तासापूर्वी आलं. मी काम करत होते. एका हातातला मोजा काढून पाकीट फोडलं. आईशी लग्न झाल्यापासून तुमचं मला आलेलं हे पहिलंच पत्र. अक्षर ओळखीचं नव्हतं, सही पाहून कळलं. तुम्ही लिहिलंय:

"वर्तमानपत्रात तुमचा फोटो पाहिला. डावीकडून तिसऱ्या. मी जन्मभर मुद्रितशोधकाचं काम केलं, त्यामुळे बातमीतल्या चुका आधी दिसल्या, आशय नंतर. पण आशय असा की, गोळीने फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशी थांबल्या. गोळीचं नाव वाचून मी उडालोच. सांध्यांसाठी मी वर्षानुवर्षं घेतो तीच! तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ तुमच्या आईंना देतो आहे. ताकदीची गोळी म्हणून सांगितलंय. तुमचं नाव काढलं असतं तर त्यांनी थुंकून टाकली असती. दीड महिना झाला. केमोही चालू आहेच. भूक लागते, खोकला कमी आहे, परवा तर त्या माझ्यावर ओरडल्यासुद्धा. तुमचे आभार मानायचे म्हणून..."

तिथे मी वाचायचं थांबले.

आईला कॅन्सर आहे हे मला या पत्रातून कळलं. तुम्हाला वाटलं, मला माहीत असणार. मला कोणी सांगितलं नव्हतं. तुमच्या वाक्यात गोळी आधी आहे आणि आजार नंतर, त्यामुळे मी आधी गोळीने दचकले. आजाराचं अजून माझ्यापर्यंत पोचायचंय. पोचेल.

बातमी खोटी नाही. आमच्या सरांनी बातमीदाराला जे सांगितलं ते आम्ही पाहिलेलं आहे. पेशीत एक ग्राही असतो. नुसता बसून असतो, निरोपाची वाट बघत. गोळीतलं द्रव्य आत शिरून त्याला चिकटलं की तो उठतो, पेशीच्या केंद्रकात जातो आणि जनुकांवर हुकूम चालवायला लागतो. हे चालू करा, ते बंद करा. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या काही पेशींत त्या हुकमाने वाढ बंद पडते. पेशी थांबतात. थांबल्या, एवढंच सर म्हणाले. मेल्या असं कोणी म्हटलं नव्हतं. पण थांबल्या म्हटलं की ऐकणाऱ्याला मेल्याच ऐकू येतं. मलाही तसंच ऐकू येत होतं.

गेल्या आठवड्यात मी त्या थांबलेल्या पेशींवर केमोचं औषध टाकून पाहिलं. शेजारी दुसरी डिश, तिच्यात गोळी न दिलेल्या पेशी. केमो वाढत्या पेशीला गाठते. गोळी न दिलेल्या मेल्या. मेलेली पेशी तळ सोडते आणि वर तरंगते. गोळी दिलेल्या तळाला धरून होत्या. मग मी केमो धुऊन काढली, गोळीचं द्रव्यही धुऊन काढलं, आणि नुसतं पोषणाचं लाल पाणी घातलं. आज मघाशी डिश सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. तळ भरलेला. जागा उरली नाही म्हणून एकमेकींवर चढलेल्या.

मी डोळे वर केले तेव्हा शिपाई तुमचं पत्र घेऊन उभा होता.

डिशमध्ये होतं ते माणसात होतंच असं नाही. केमोच्या दिवशी उलटी होऊ नये म्हणून डॉक्टरही अशी गोळी देतात, पण मोजून, तेवढ्यापुरती. दीड महिना रोज नाही. रोज देणं म्हणजे चोराला माळ्यावर लपवून पोलिसांना चहाला बोलावणं.

मी फोन केला होता. आईने उचलला. "आई" एवढंच म्हणाले. ती तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती, लाइन कशी तोडायची ते तिला कोणी शिकवायला नको. दुसऱ्यांदा केला तर नुसता एंगेज. रिसीव्हर काढून ठेवला असेल. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही हे मी ऐकून आहे. म्हणून हे पत्र, आजच्याच कुरिअरने. उद्या सकाळी मिळेल.

गोळी बंद करा. डॉक्टरांना सांगा. आईला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.


शुक्रवार, बसमध्ये

बस हलते आहे, अक्षर सांभाळून घ्या. हा कागद मी दारात तुमच्या हातात देणार आहे, कारण मला दारात उभं राहून ओरडायचं नाही आणि ओरडून तुम्हाला ऐकूही जाणार नाही. वाचताक्षणी आईला एक गोळी द्या. हो, तीच.

तुमचं उत्तर आज मिळालं. "तुमचं पहिलं वाक्य वाचता वाचता उठलो. गोळ्या त्या मिनिटापासून बंद. डॉक्टरांना पुढच्या केमोला सांगेन, आधी सांगायची हिंमत होत नाही. थांबणे या क्रियापदाने आपल्या सगळ्यांनाच फसवलं. आम्ही पूर्णविराम समजून बसलो आणि तो स्वल्पविराम निघाला." मी वाचून हसले. खरंच हसले. पत्र घेऊन जेवायला गेले आणि ते डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवलं. या आमच्याकडच्याच, दवाखाना सोडून प्रयोगशाळेत आल्या म्हणून सगळे त्यांना डॉक्टरीणबाई म्हणतात.

त्यांचा चमचा हातातच राहिला.

"त्या मिनिटापासून म्हणजे?"

"म्हणजे मंगळवारी सकाळी."

"एकदम बंद? दीड महिन्यानंतर? कोणी सांगितलं त्यांना?"

"मी."

"वेडीबिडी आहेस का गं तू? ही गोळी अशी सोडतात? थोडी थोडी कमी करत आणतात, आठवडेच्या आठवडे. शेंबडं पोरही सांगेल!"

मला ते पोर भेटलं नव्हतं.

तुम्ही गोळी घेता, तुम्हाला हे कोणी तरी कधी सांगितलं असेल. तरी तुम्ही ती एकदम थांबवलीत, कारण लिहिणारी मी होते. मी डावीकडून तिसरी.

मूत्रपिंडांवर दोन लहान ग्रंथी असतात. गोळीत आहे तशाच जातीचं द्रव्य त्या स्वतः बनवतात. त्याच्यावाचून माणूस उभा राहू शकत नाही. बाहेरून आयतं येऊ लागलं की त्या हात आखडतात आणि झोपी जातात. मग बाहेरचं एकदम बंद केलं तर आत काहीच नसतं. त्यांना जागं व्हायला वेळ लागतो. तेवढा वेळ अंगात नुसती पोकळी. रक्तदाब खाली जातो, उलट्या होतात. माणूस जातोसुद्धा.

हे मी कधी तरी वाचलेलं आहे. परीक्षेत लिहिलंही असेन. पण डिशमधून औषध काढायचं म्हणजे पाणी ओतून द्यायचं. दोनदा धुतलं की संपलं. डिशला मूत्रपिंड नसतं. इतकी वर्षं मी रोज हेच करते आहे, आणि सोमवारी तुम्हाला लिहिताना मी आईचं पाणी ओतून दिलं.

जेवण टाकून फोन केला. उचलला.

"आई, ठेवू नकोस. गोळी घे."

तिचा श्वास ऐकू येत होता, जिना चढून आल्यासारखा.

"कुठली गोळी?"

"ताकदीची. ती तुझी मंगळवारपासून बंद आहे ना, ती."

"ह्या घरातलं मंगळवारचं तुला कसं कळलं?"

मग मी सांगितलं. दुसरा मार्ग नव्हता. तुमचं नाव येऊ न देता सांगता आलं असतं का, याचा विचार मी फोन ठेवल्यावर केला.

"तुझी होय ती!" ती म्हणाली. "तरीच म्हटलं, हे एवढे घड्याळ लावून का देतायत. दीड महिना मी तुझं खातेय आणि मला पत्ता नाही."

"तुला चक्कर येते का?"

"येते. भिंत धरून चालते. भिंत माझी आहे."

"उलटी?"

"ही लाइन चौकशीची नाही."

"आई, आत्ता एक गोळी घे आणि लगेच दवाखान्यात जा. त्यांना सांग, एकदम बंद झाली."

"आधी म्हणे घेऊ नको. आता म्हणे घे. तुझा बाप बरा, चुकीचं सांगायचा पण एकदाच सांगायचा."

"त्यांना बोलव. हातवारे कर. काहीही कर."

"हे खाली गेलेत पाव आणायला. आणि आले की मी बघून घेते त्यांच्याकडे." मग तिने तो आवाज काढला, तिचा कामावरचा, गुळगुळीत, कोणाचाच नसलेला. "संपर्क तुटत आहे." आणि तोडला.

मी रुग्णवाहिकेला फोन केला. बाईने विचारलं, पेशंट शुद्धीवर आहे का? म्हटलं, आहे. बोलतो का? म्हटलं, फार. मग तुमच्या डॉक्टरांना विचारा म्हणाली.

तुमच्या डॉक्टरांचं नाव मला माहीत नाही. तुमच्या शेजाऱ्यांचंही नाही. लग्नाचं मला छापील पत्रिकेवरून कळलं होतं. मी विचारलं तेव्हा आई म्हणाली, तुझी परवानगी घ्यायला हवी होती का? मी म्हटलं, नको. आमच्यात झालेलं भांडण ते एवढंच. त्याच्यावर चार वर्षं काढली. पत्रिकेवर पत्ता होता म्हणून आज बस तरी धरता आली.

ती गोळी नको म्हणेल. माझी आहे म्हणून म्हणेल. सूपमध्ये घाला, चुरा करा, काय वाटेल ते सांगा. दीड महिना फसवलंत, आणखी एकदा फसवा.

बस थांबली आहे. ड्रायव्हर चहा प्यायला उतरलाय. कोणालाही घाई नाही.


शनिवार, वॉर्डबाहेरचा बाक

तुम्ही शेजारी बसला आहात आणि मी तुम्हाला पत्र लिहिते आहे. मघाशी तुम्हीच म्हणालात, "तुम्ही लिहा, मी वाचतो." समोरच्या खोलीतली माणसंसुद्धा वळून पाहू लागली. तुम्हाला तुमचा आवाज किती मोठा आहे ते माहीत नाही. काल संध्याकाळी तो मी जिन्याच्या पहिल्या पायरीवरूनच ऐकला. तुम्ही आईला हाक मारत होतात, नाव घेऊन. तिचं नाव कोणाच्या तोंडून ऐकून मला किती वर्षं झाली होती. बाबा तिला "अगं" म्हणायचे.

दार उघडं होतं. आई न्हाणीच्या उंबऱ्यावर आडवी, गाल फरशीला टेकलेला. तुम्ही गुडघ्यांवर. तिच्या कपाळावर ओला टॉवेल, त्यातलं पाणी तिच्या कानात जात होतं. मला पाहून तुम्ही म्हणालात, "आलात?" जशी वेळ ठरलेलीच होती. बसमधलं पत्र माझ्या पर्समध्येच राहिलं. मी तिची नाडी पाहिली. मला नाडी पाहता येत नाही. मला पेशी मोजता येतात.

या वेळी रुग्णवाहिका आली. आता पेशंट बोलत नव्हता.

अपघात विभागातल्या डॉक्टरांनी विचारलं, काय काय चालू आहे? तुम्ही केमोची औषधं धडाधड सांगितलीत, शुद्धलेखनासकट. मग थांबून माझ्याकडे पाहिलंत. मी गोळीचं नाव सांगितलं, दीड महिना सांगितला, मंगळवार सांगितला.

"दिली कोणी?" त्यांनी विचारलं. तुम्ही त्यांच्या ओठांकडे बघत होतात.

"मी," तुम्ही म्हणालात.

"आणि बंद कोणी केली?"

"मी."

अख्ख्या विभागाला ऐकू गेलं. मी नंतर तुम्हाला खुर्चीवर बसवलं आणि आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं की बंद मी केली, पत्र लिहून केली, आणि माझं काम याच द्रव्यावर आहे. ते म्हणाले, "बाई, कोणी केली ते मला आता नकोय. इंजेक्शन लावू द्या."

इंजेक्शन म्हणजे काय ते तुम्हाला कोणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगते. ते तेच द्रव्य आहे. गोळीतलंच, फक्त थेट शिरेतून आणि गोळीच्या कितीतरी पट. नाही दिलं तर ती राहिली नसती. मी दारात उभी राहून सलाईन उतरताना पाहिलं. ते तिच्या हातात उतरत होतं, छातीत जात होतं, गाठीपर्यंत जात होतं. माझ्या डिशमध्ये त्याने काय होतं ते मी सोमवारी पाहिलेलं आहे. मी म्हणत होते, आणखी द्या.

पहाटेपर्यंत रक्तदाब वर आला नव्हता. आता येतो आहे.

कॅन्सरचे डॉक्टर दुपारी येऊन गेले. त्यांचं बोलणं तुम्हाला लागलं नाही, ते खाली बघून बोलतात. पुढची केमो लांबणीवर. गोळी आता राहणार, रोज, मग हळूहळू कमी करत आणायची. काही आठवडे. मी विचारलं, आजवरची केमो फुकट गेली का? म्हणाले, छातीचा फोटो काढल्यावर कळेल. मी त्यांना डिशचं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं. "तुमचे आकडे पाठवा मला," म्हणाले. "पण यांच्या गाठीत तसंच झालं असेल असं मी म्हणणार नाही. झालं नसेल असंही म्हणणार नाही." मला त्यांचा राग आला. नंतर लक्षात आलं, मीही हेच म्हणाले असते. बातमीत एवढी जागा नव्हती.

इथपर्यंतचा कागद तुम्ही वाचलात. चष्मा कपाळावर चढवलात आणि विचारलंत, "मला एक सांगा. मी तिला मारलं का?"

सिस्टर थांबल्या.

मी लिहिलं, नाही.

"खात्री आहे?"

मी लिहिलं, नाही.

तुम्ही दोन्ही पाहिलीत. मग दोन्ही उत्तरं लिहिलेली ती वेगळी चिठ्ठी मधोमध फाडलीत, पहिलं "नाही" असलेला तुकडा खिशात ठेवलात आणि दुसरा माझ्या हातात परत दिलात. तो इथे माझ्या मांडीवर आहे.

आणि मग तुम्ही बोललात. तेवढं मात्र हळू. किंवा तुम्हाला हळू वाटेल असं. "केमोच्या खोलीत नातेवाइकाला खुर्ची नसते. पेशंटला असते, मागे रेलता येते अशी. आपण उभं राहायचं. भिंतीवरची सूचना वाचायची. तिच्यातल्या चुका काढायच्या. दर वेळी त्याच चुका. मग तुमची बातमी आली. मला वाटलं, चला, मला एक काम मिळालं. सकाळी एक, संध्याकाळी एक."

मी पेनचं टोपण लावलं. 

"तिला काल दुपारी समजलं," तुम्ही म्हणालात. "मी पाव घेऊन आलो तर माझ्या घरच्या कोटाच्या खिशातली बाटली बेसिनमध्ये रिकामी केलेली. नळ चालू. मला म्हणते कशी, तुम्ही दोघांनी मिळून मला प्रयोगाचा उंदीर केलात. मी म्हटलं, तिचा यात काही दोष नाही. ते ऐकून जास्तच भडकली. म्हणाली, तिची बाजू घेऊ नका, तुम्हाला ती ओळखतसुद्धा नाही."

मग तुम्ही मला विचारलंत, जेवलात का. मी मान हलवली. कुठल्या बाजूला ते मला आठवत नाही. तुम्ही उठून सूप आणायला गेलात. आता परत येताना दिसताय, दोन्ही हातांत कप, एक सांडतो आहे. बोटांवर सांडतो आहे आणि तुम्ही तो सोडत नाही.

कागद ठेवते.


रविवार, सकाळ

तुम्ही कपडे बदलायला घरी गेला आहात. आल्यावर मी बाकावर नसले तर हा कागद सिस्टरांकडे असेल.

आईने साडेसातला डोळे उघडले. रक्तदाब ठीक आहे. सिस्टरांनी चमच्याने पाणी पाजलं. तिने खोलीभर पाहिलं, मग मला पाहिलं.

"हे कुठायत?"

"घरी गेलेत. येतील इतक्यात."

"काही खाल्लं का त्यांनी?"

"सूप."

"सूपने काय होतंय." तिने डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाली, "त्यांना सांग, माझा टॉवेल आणा. इथला खरखरीत आहे."

गोळ्या आल्या. सिस्टरांनी हातावर ठेवल्या. आईने त्या निरखून पाहिल्या.

"हिच्या का?" तिने विचारलं. माझ्याकडे बोट केलं नाही.

"डॉक्टरांच्या," सिस्टर म्हणाल्या.

"मग द्या."

तिने गिळल्या. तोंड उघडून दाखवलं, मला नाही, सिस्टरांना. मग भिंतीकडे वळली आणि म्हणाली, हिला बाहेर बसायला सांगा.

फोटो बुधवारी काढणार आहेत. मी बाहेर बसले आहे.